समोरचं दार

प्रताप नगर, नागपूर
१४ जानेवारी २०२३

प्रिय गोपिका,

तीळगूळ घे आणि गोड बोल असं तुला सांगणं म्हणजे साखरेला गोड हो म्हणण्यासारखं आहे. हॉस्टेलच्या मेसमधल्या कच्च्या पोळीलाही तू "चांगली आहे" म्हणायचीस, आणि मी मेसवाल्या मावशींशी भांडून आले की मागाहून जाऊन त्यांची समजूत काढायचीस.

आता कामाचं. आमच्या ऑफिसची रीत तुला माहीत आहे. वर्षभर आम्ही लोकांच्या बंगल्यांचे आणि दवाखान्यांचे नकाशे काढतो, आणि वर्षातून एक काम असं घेतो ज्याची फी घ्यायची नाही. गेल्या वर्षी एका वस्तीतल्या शाळेला सावलीची ओसरी करून दिली. यंदा तुमच्या गावातलं महिला केंद्र करायचं ठरलं आहे. सोबत नकाशा पाठवते. आमच्या ऑफिसातली चिन्मयी नावाची मुलगी आहे, तिने काढला. मोठी खोली शिवणाच्या मशीनसाठी, शेजारी लहान खोली मुलांना झोपवायला. रस्त्याच्या बाजूला सगळी भिंत, वर झरोके. दार मी मुद्दाम मागे, कडुलिंबाच्या गल्लीत ठेवलं. गावात आले होते तेव्हा पाहिलं, बायका विहिरीवरून त्याच गल्लीने येतात. तिथे त्या मोकळ्या बोलत होत्या, रस्त्यावर आल्या की गप्प.

पण हा झाला माझा अंदाज. राहणाऱ्याला विचारल्याशिवाय घर बांधायचं नाही हा आमचा नियम आहे, आणि माझ्यासाठी गाव म्हणजे तू. फोन न करता लिहिते आहे, कारण तूच म्हणालीस, आमच्या घरात फोन सगळ्यांचा असतो आणि पत्र माझ्या एकटीचं. तेव्हा या पत्राला खरं उत्तर दे.

तुझी,
अरू

*

आमचं गाव, ता. कुही
३ फेब्रुवारी २०२३

प्रिय अरू,

नकाशा मिळाला आणि घरात फिरला. तुम्ही लोकांनी कडुलिंब किती गोल काढला आहे. आमचा एका अंगाला वाकलेला आहे, चिन्मयीला सांग. माझ्या सुनेने, भूमिकेने, तो कागद मशीनच्या वर भिंतीला लावून ठेवला आहे. शिवणाचा कोर्स करून आलेली पोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते की मी इथे बसून शिकवणार.

तुला खरं सांगायचं तर हे केंद्र माझ्यासाठी गावापुरतं नाही. हे गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. रोहितला खापरखेड्याला वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे काम मिळतं आहे, त्याचा साळा तिथेच आहे. आमची शेती एका पिकाची, धान निघालं की पोरगा रिकामा. भूमिका म्हणाली, केंद्र चाललं तर मला गाव सोडायचं नाही. रोहित म्हणाला, ठीक आहे, एक वर्ष पाहू. म्हणजे बघ, तू गावाची इमारत बांधते आहेस आणि मी त्यात माझं घर टिकवायला निघाले आहे. या घरात संध्याकाळी मी एकटीच दिवा लावते आहे असं चित्र मनात आलं तरी जीव घाबरा होतो.

जागा बापूजींनी दिली, माझ्या मोठ्या भासऱ्यांनी, यांच्या थोरल्या भावांनी. त्यांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे जो तुकडा आहे तो. शब्द टाकला आणि हो म्हणाले.

एक सुचवू का? दार रस्त्याकडे असावं असं मला वाटतं. बायकांसाठी काही झालं हे चार लोकांना दिसू दे की. पटलं तरच कर. नाही पटलं तरी चालेल, त्यातलं तुला जास्त कळतं.

भूमिकेचा नमस्कार.

तुझीच,
गोपिका

*

प्रताप नगर, नागपूर
२० फेब्रुवारी २०२३

प्रिय गोपिका,

तुझं पत्र मी ऑफिसमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मी इथे नागपुरात बसून तुमच्या बायकांना मागच्या दाराने आत घेत होते, आणि तू, जिने कधी मेसवाल्या मावशींनाही दुखवलं नाही, ती सरळ लिहितेस की दार समोर हवं. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं लोकांना विचारून बांधते म्हणून मिरवते, आणि मनात मात्र आधीच धरून चालले होते की गावच्या बाईला लपूनछपूनच यायचं असणार.

चिन्मयी जरा कुरकुरली. म्हणाली, "मॅडम, समोरच्या घराला ओटा आहे, तिथे पुरुष बसतात. एकदा परत विचारू या का?" मी म्हटलं, गोपिकेने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, आता आणखी काय विचारायचं. मग ती म्हणाली, दोन्हीकडे दारं ठेवू. तेही मी ऐकलं नाही. मागचं दार असलं की पुढचं कायम बंदच राहतं, हे मी घराघरांत पाहिलं आहे. त्यामुळे मागची भिंत आता सलग, तिथे कापडाची कपाटं. रस्त्याकडे रुंद दार, तीन पायऱ्या आणि बसायला कठडा.

रोहितला म्हणावं ठेकेदाराला वाट पाहू दे. मी तुझ्या सुनेला गावाबाहेर जाऊ देत नाही.

तुझी,
अरू

*

आमचं गाव, ता. कुही
५ ऑक्टोबर २०२३

प्रिय अरू,

पोळा झाल्यावर उद्घाटन केलंस ते बरं केलंस, सगळे घरी होते. तू भाषणात माझं नाव घेतलंस तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. इमारत फार देखणी झाली आहे, येणारी एसटीही तिथे हळू होते. बापूजींनी दारावर त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी लावली, तीही तू पाहिलीसच. ऊन खाली येतं तेव्हा झरोक्यांतून आत अशी नक्षी पडते की भूमिका काम सोडून पाहत बसते.

तू विचारलंस बायका किती येतात. येतील ना. सध्या धान निसवतं आहे, पुढे कापणी, मग मळणी. या दिवसांत कोणाला वेळ? भूमिका मात्र रोज जाते. तिने शेजारच्या सोनिकाच्या पोरीचा झगा तिथेच बसून शिवला.

एकदा कापणी आटोपली की खोली पुरायची नाही. तू काळजी करू नकोस. नवा तांदूळ निघाला की पाठवते.

तुझीच,
गोपिका

*

प्रताप नगर, नागपूर
१० डिसेंबर २०२३

प्रिय गोपिका,

तांदूळ मिळाला. पहिल्याच दिवशी इतका भात खाल्ला की दुपारी मीटिंगमध्ये पेंगत होते.

इथे आमच्या व्यवसायातल्या लोकांची एक सभा झाली. तिथे मी तुमच्या केंद्रावर बोलले. मागच्या दाराचा पहिला नकाशा दाखवला, मग तुझी ती ओळ वाचली, मग समोरच्या दाराचा फोटो. लोक नंतर भेटून सांगत होते की अशा गोष्टी ऐकायला मिळत नाहीत. पुण्याहून आलेल्या काहींना प्रत्यक्ष पाहायचं आहे. जानेवारीत घेऊन येऊ का? दहाबारा बायका मशीनवर असतील अशी वेळ सांग.

एक मात्र विचारते. चिन्मयी मागच्या आठवड्यात पन्हळीचं काम पाहायला आली होती. ती म्हणाली, भूमिका एकटीच होती आणि दार अर्धं लोटलेलं. कापणी तर आता झाली असेल. कोणाचे नवरे अडवत असतील तर नावं कळव, येऊन भांडते. तुला ठाऊक आहे, मला त्यात आनंदच वाटतो.

तुझी,
अरू

*

आमचं गाव, ता. कुही
३ जानेवारी २०२४

प्रिय अरू,

त्या पाहुण्यांना आणू नकोस. आणलंस तर मी घरोघर जाऊन बायका गोळा करीन, आणि त्या येऊन बसतीलही, कारण माझ्या शब्दाला नाही म्हणणार नाहीत. हेच आमचं सगळ्यांचं दुखणं आहे, आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

दार रस्त्याकडे हवं होतं ते बापूजींना. मला तुझा पहिला नकाशाच आवडला होता. इतका, की कडुलिंबावरून थट्टा केली ती त्या आनंदात. बापूजींनी तो पाहिला आणि रोहितला म्हणाले, "आपल्या बापाच्या नावाची पाटी का लिंबाले दाखवाची हाये?" बस, एवढंच. रागावले नव्हते, हसतच म्हणाले असं रोहित सांगतो. पण जागा त्यांची. मी मनातच ठरवून टाकलं की मागे दार केलं तर ते जागा काढून घेतील. विचारलं नाही. विचारणार कशी? लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर पदर घेते, आणि आजवर त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोललेले नाही. आधी निरोप यांच्याकडून जायचा, आता रोहितकडून जातो. तुला तरी खरं लिहायचं होतं. पण भासऱ्यांच्या हौसेपायी तुझा नकाशा बदल म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि "मला वाटतं" असं लिहिलं. वाटलं, तू वाद घालशील, नेहमीसारखी. तर तू खूश झालीस. तुझं ते पत्र वाचल्यावर माझी हिंमत होईना की सांगावं, अगं, मी तशी नाही.

आता काय होतं ते सांगते. बापूजी सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात ते जेवायच्या वेळेपर्यंत. केंद्राचं दार बरोबर त्यांच्या पुढ्यात. या आळीतल्या निम्म्या सुना त्यांच्या नात्यातल्या, बाकीच्या गावाच्या नात्याने सुनाच. पहिल्या आठवड्यात काही जणी आल्या, त्या डोक्यावरून पदर ओढून आणि चपला हातात घेऊन. मोठ्या सासऱ्यासमोरून चपला वाजवत कशा जाणार? आत बसल्या तरी पदर सांभाळायचा की कापड? हसलं की आवाज रस्त्यापलीकडे जातो. मग एकीला ताप आला, एकीकडे पाहुणे आले, आणि हळूहळू कोणीच येईना. बापूजी बिचारे कोणाला काही म्हणत नाहीत. पेपर वाचत बसतात. त्यांना कदाचित माहीतही नसेल.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. रोहित म्हणतो, वर्ष झालं. वसंत पंचमी झाली की ते दोघं खापरखेड्याला जाणार आहेत. भूमिकेने भिंतीवरचा नकाशा काढून घडी करून ठेवला.

तुझीच,
गोपिका

*

प्रताप नगर, नागपूर
९ जानेवारी २०२४

गोपिका,

पत्र वाचून आधी खूप राग आला, तुझा. ऑफिसमधून उठून प्रताप नगरच्या रस्त्याने उगाच चालत राहिले. घरी आले तेव्हा राग होता, पण तो वळून माझ्याकडे आला होता.

तू नाही म्हणू शकत नाहीस हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तुझ्या "चालेल"मध्ये किती प्रकार आहेत ते मी हॉस्टेलमध्ये इतर मुलींना समजावून सांगायची. त्या पत्रातही तू लिहिलं होतंस, नाही पटलं तरी चालेल. तिथे थांबायला हवं होतं. पण तुझी ती ओळ मला इतकी आवडली, मला हवी होती तशी मैत्रीण तीत दिसली, की मी पुढे विचारलंच नाही. चिन्मयी विचारत होती, तिलाही गप्प बसवलं. आणि त्यावर टाळ्या घेऊन आले.

काल तुला फोन केला. रोहितने घेतला, मग तुला दिला, आणि तू परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणालीस, सगळे बरे आहोत. मला फोनवरच रडू आलं, तुला कळलं का माहीत नाही.

पाहुण्यांना मी येऊ नका म्हणून कळवलं आहे. मागची भिंत फोडून दार काढणं अवघड नाही. मिस्त्री येऊन पटकन करून जाईल. पण जागा बापूजींची. त्यांना न विचारता हात लावता येणार नाही. मी येऊन त्यांच्याशी बोलू का? की तू रोहितकडून विचारशील? काय ते लवकर कळव, आणि तोवर काहीही करून भूमिकेला थांबव.

अरू

*

आमचं गाव, ता. कुही
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय अरू,

ते दोघं गेले. पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी.

तुला मुद्दामच कळवलं नाही. तू आली असतीस तर बापूजींना वाटलं असतं की भावजयीने नागपूरहून माणूस आणून आपल्याला ओट्यावरून उठवलं. रोहितला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "राहू दे ना आई. मोठ्या बाबाले दुखवून आपल्याले काय भेटणार?" पोरगा माझाच आहे, दुसरं काय म्हणणार.

टेम्पोत पलंग, भांडी आणि भूमिकेचं मशीन. ती पाया पडली आणि म्हणाली, "तुमीबी चला ना आई." मी म्हटलं, धान विकायचं राहिलं आहे. टेम्पो वळेपर्यंत ती केंद्राकडे पाहत होती. मी खाली पाहत होते.

भिंत आता फोडू नकोस. कोणासाठी फोडायची?

गोपिका

*

प्रताप नगर, नागपूर
१५ एप्रिल २०२४

प्रिय गोपिका,

काल रविवारी खापरखेड्याला जाऊन आले. तुला विचारलं असतं तर तू "कशाला त्रास" म्हणाली असतीस.

त्यांची खोली कॉलनीच्या टोकाला आहे. पुढे छोटी गॅलरी, तिला दार नाही, नुसता जुन्या साडीचा पडदा. आत भूमिकेचं मशीन आणि भोवती बायकाच बायका. एक जमिनीवर बसून काजं करत होती, एक पायरीवर लेकराला पाजत होती, आणि भूमिका कोणाच्या तरी ब्लाउजच्या बाहीवरून सगळ्यांना हसवत होती. कोणाच्या डोक्यावर पदर नव्हता, तिथे कोणी कोणाची सून नाही. मी पडद्याबाहेर थोडा वेळ तशीच उभी राहिले. इतक्या नकाशांमध्ये मला जे करायचं होतं ते त्या गॅलरीत चाललं होतं, आणि ते पाहून आनंद व्हायला हवा होता. तुझी आठवण आल्यामुळे झाला नाही.

रोहित ड्यूटीवर होता. भूमिकेने चहा दिला, तुझी चौकशी केली, गुडघ्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, मागून दार करून देते, परत येशील का. तिने खूप वेळ कप धुतला. मग म्हणाली, "मॅडम, आता इथं बाया येऊन राहिल्या. त्याइले सोडून कशी येऊ?" मी तुझ्यासाठी तिला मागायला गेले होते, गोपिका, आणि मागता मागता मला वाटलं की मी पुन्हा एकदा तिला तिच्या जागेवरून हलवायला निघाले आहे. पुढे बोलले नाही.

पण भिंत मी उघडणार, वरातीमागून घोडं का होईना. गावात आणखीही सुना आहेत. फक्त बापूजींचा होकार मिळव. या वेळी तूच.

तुझी,
अरू

*

आमचं गाव, ता. कुही
२ जून २०२४

प्रिय अरू,

भिंत राहू दे, आता खरंच गरज नाही. का ते सांगते.

रोहित-भूमिका गेल्यापासून केंद्राची किल्ली माझ्याकडे आहे. मी रोज जाऊन उघडते, झाडते, मशीनवरची धूळ पुसते आणि परत येते. मागच्या आठवड्यात अशीच कुलूप लावत होते. आळीत ऊन इतकं की कुत्रंही नव्हतं. बापूजी ओट्यावर होते. इतर वेळी त्यांना काही विचारायचं असलं की रोहितला हाक मारायचे, आता रोहित नाही. त्यांनी रस्त्यापलीकडून सरळ मलाच विचारलं, "काहून वं बाई, अंदर कोनीच येत नाही का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. उत्तर घेऊन जाणारं कोणी नव्हतं. पदर घेतला, रस्ता ओलांडला आणि ओट्याखाली उभी राहून सांगितलं, "तुमी समोर बसता ना, बापूजी. सुनाइले लाज वाटते."

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं, मग बराच वेळ पायऱ्यांकडे. मला वाटलं आता ओरडतील, जागा माझी आहे म्हणतील. ते म्हणाले, "मंग हे मले आधी काहून नाही सांगतलं? मी मांगच्या अंगनात बसलो असतो."

आणि उठले. खुर्ची स्वतः उचलली, आणि घरातून मागे निघून गेले. त्या दिवसापासून ओटा रिकामा असतो.

अरू, मी तिथेच बसले आणि रडले. मोठा डोंगर समजून ज्याला वर्षभर वळसा घालत होतो, तो एका वाक्याने बाजूला झाला. तेही मला रागावून नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, निदान माझी भीती खरी ठरली असती. एका वाक्यापायी माझ्या घरातली दोन माणसं गेली, आणि ते वाक्य बोलायला मला ती जावी लागली.

आता बायका येतात. सोनिका आणि आणखी काही जणी पहिल्याच दिवशी आल्या, चपला पायात घालून. शिकवायला कोणी नाही, त्यामुळे त्यांनी एकमेकींच्या सल्ल्याने एक ब्लाउज बेतला तो कोणाच्याच अंगात जात नाही, आणि त्यावर दुपारभर हसल्या. सगळ्या भूमिकेला विचारतात. मी सांगते, तिचं तिकडे बरं चाललं आहे.

काल बापूजींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. आता आम्ही समोरासमोर बोलतो. म्हणाले, पोरीला बोलावून घे, मी उठलो ते तिला सांग. मी म्हटलं, ती येणार नाही, तिचा जम बसला आहे. त्यांनी विचारलं, "पन तिले सांगतलं का नाही?"

मी नाही सांगितलं. सांगितलं तर तिला कळेल की तिला जावं लागलं ते रिवाजामुळे नाही, मोठ्या सासऱ्यामुळेही नाही. तिची सासू एकदा रस्ता ओलांडून गेली नाही म्हणून. आता ती रोज संध्याकाळी फोन करते, मी जेवले का विचारते. तेवढं मला राहू दे.

तू पुन्हा खापरखेड्याला जाशील. जरूर जा, तिला बरं वाटतं. पण हे तिला तूही सांगू नकोस.

तुझीच,
गोपिका